हजार अँपिअर मोजणारी पट्टी

साताऱ्याच्या किंवा मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत सुट्या भागांवर जस्त चढवायचं म्हटलं, की टाकीला व्होल्ट लागतात जेमतेम आठ-दहा. अँपिअर मात्र शेकड्यांनी, कधी हजारांत. फॅरेडेचा नियम इथे थेट खिशाला भिडतो. एका अँपिअर-तासाला फार तर १.२२ ग्रॅम जस्त बसतं. मीटर दोन टक्के चुकलं, तर हिशेबाचा थरही तेवढाच चुकला.

इतका प्रवाह मीटरमधून नेता येत नाही. म्हणून बसबारच्या वाटेत शंट बसवतात: पितळेच्या दोन ठोकळ्यांमध्ये मँगॅनिन या मिश्रधातूच्या पट्ट्या. पाटात आडवा बांध घालून वर चढलेल्या पाण्यावरून विसर्ग ओळखावा, तशीच ही रीत. बांध फार उंच केला तर पाणी अडतं, फार बुटका केला तर पातळीतला फरक वाचता येत नाही. १००० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणाऱ्या शंटचा रोध अवघा ७५ मायक्रोओहम असतो.

दुकानात शंट मागताना बहुतेक जण नुसते अँपिअर सांगतात. पण खरा सवाल उष्णतेचा आहे. हा शंट पूर्ण प्रवाहावर ७५ वॅट उष्णता सोडतो, आणि तीही बंद पॅनेलमध्ये, सांगलीच्या एप्रिलात! म्हणून दिवसभर चालणाऱ्या कामाला क्षमतेच्या दोन तृतीयांशापर्यंतच प्रवाह ठेवायचा, असा प्रघात आहे. टाकीला १००० अँपिअर लागत असतील तर १५०० चा शंट घ्यावा. त्यावर ५० मिलिव्होल्ट मिळतात आणि उष्णता ५० वॅटवर येते. मीटर मात्र १५०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट याच प्रमाणाचं हवं.

मग तांब्याचीच पट्टी का नको? तांबं ५० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे २० टक्के वाढतो. एडवर्ड वेस्टनने १८९२ मध्ये तयार केलेल्या मँगॅनिनमध्ये तांबं, सुमारे १२ टक्के मँगनीज आणि थोडं निकेल असतं. तेवढ्याच तापण्याने त्याचा रोध जेमतेम एक दशांश टक्का हलतो. वेस्टनचंच त्याआधीचं मिश्रण कॉन्स्टंटनही रोधाला स्थिर, पण तांब्याशी जोडलं की दर अंशाच्या फरकाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट निर्माण करतं. टाकीला डीसी पुरवणाऱ्या रेक्टिफायरकडचं टोक २० अंशांनी जास्त तापलं, तर ७५ मिलिव्होल्टमध्ये एक टक्का खोट शिरते. ही चूक कॅटलॉगच्या पहिल्या पानावर सापडत नाही.

मीटरच्या तारा शंटवरच्या लहान स्क्रूंनाच जोडाव्यात. मोठ्या बोल्टला जोडल्या तर त्या सांध्याचा रोधही मोजमापात येतो, आणि सैल बोल्टपुढे मायक्रोओहमची काय मातब्बरी?

कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रात प्रश्न निराळा. जनित्राच्या चुंबकांनाही डीसी लागतो, पण तिथे शंटच्या बारीक तारांवर जमिनीच्या तुलनेत शेकडो व्होल्ट असू शकतात. त्या सरळ कंट्रोल रूममध्ये न नेता आधी विलग करणाऱ्या ट्रान्सड्यूसरमधून न्याव्या लागतात. नव्या कामांत अनेक जण त्यापेक्षा बसबारला स्पर्शही न करणारा हॉल सेन्सर पसंत करतात. त्याची अचूकता तपासायची वेळ आली, की शेजारी चांगला शंटच लावतात.