‘ट्रान्सपोर्टेशन’ म्हणजे वाहतूक नव्हे!

इतिहासाच्या तासाला हा शब्द आला की मुलं हमखास द्वारका चौकातले ट्रक सांगतात. त्यांचं अगदीच चूक नाही. मूळ अर्थ वाहून नेणं हाच. जुन्या इंग्रजी कायद्यात मात्र मालाऐवजी माणूस न्यायचा, तोही समुद्रापार! १७१८ च्या कायद्याने इंग्लंडमधले कैदी मोठ्या संख्येने अमेरिकेत जाऊ लागले. अमेरिका हातची गेली, तेव्हा १७८८ पासून ऑस्ट्रेलिया.

आपल्याकडे ही शिक्षा १८६० च्या दंड संहितेतही आली. कैद्यांची रवानगी मुख्यतः अंदमानला, म्हणून लोक तिला ‘काळं पाणी’ म्हणू लागले. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणाऱ्या समाजात ही दहशत केवढी असेल, हे मुलांना जरूर सांगा.

नाशिकचं उदाहरण तर घरचंच. जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल इथल्या न्यायालयाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या, त्यामागे या शिक्षेचा राग होता.

आता पालक नेहमी विचारतात तो प्रश्न : जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना? नाही हो! याचा निकालही नाशिकशी जोडलेला आहे. गांधीहत्येच्या खटल्यात गोपाळ गोडसेला ‘ट्रान्सपोर्टेशन फॉर लाइफ’ झाली होती. १९५० पासून तो नाशिकरोडच्या कारागृहात होता. शिक्षेतली सूट धरून माझी वीस वर्षं भरली, मला सोडा, असा त्याचा अर्ज. वीस कुठून आले? शिक्षेचे अंश मोजताना जन्मठेप वीस वर्षांची धरावी, असं एक कलम होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये सांगितलं, ते कलम फक्त हिशेबापुरतं. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. सूट देऊन सोडायचं की नाही, हे सरकारने ठरवायचं.

तोवर कायद्यातून तो शब्दही गेला होता. १९५५ च्या दुरुस्तीने त्या जागी ‘आजीवन कारावास’ आला. चौदाचा आकडा त्याहून अलीकडचा, १९७८ च्या दुरुस्तीतला : ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेपेच्या कैद्याला सरकारने सूट दिली तरी चौदा वर्षांआधी सुटका नाही. म्हणजे चौदा ही किमान मर्यादा. पेपरवाले मात्र अजून कधीकधी ‘चौदा वर्षांची जन्मठेप’ असं छापतात.