डॉक्टर, पण कसले?

"सध्या काय करतोस?" या प्रश्नाला "डॉक्टरेट" असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कशात?" मी सांगतो, "कम्युनिटी कॉलेज लीडरशिपमध्ये." मग थोडी शांतता. मग कुणीतरी विचारतंच, "म्हणजे प्रिन्सिपल व्हायचा कोर्स का?" आमच्या मामांनी तर एका वाक्यात निकाल लावला, "प्राचार्य सिनिऑरिटीनं होतात, त्याला डॉक्टरेट कशाला?" मित्रांनो, प्रश्न रास्त आहे, म्हणून हा लेख.

आधी माझी ओळख. मी याच कॉलेजचा. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला 'डिप्लोमावाला'. इथून मेकॅनिकल, पुढे अमेरिकेत गणितात एम. एस., आणि आता तिथल्याच एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवतो. नोकरी सांभाळून ही डॉक्टरेट चालू आहे.

हे कॉलेज नक्की कसलं?

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, बहुतेक ठिकाणी सरकारी, आणि दार सगळ्यांना उघडं असलेलं कॉलेज. कट-ऑफ नाही, कॅप राउंड नाही. बारावी झालेला पोरगा, दोन मुलांची आई, कारखाना बंद पडल्यावर वेल्डिंग शिकायला आलेला पन्नाशीचा माणूस, सगळे एकाच वर्गात. दोन वर्षांची असोसिएट डिग्री घ्या आणि थेट युनिव्हर्सिटीच्या तिसऱ्या वर्षाला जा, किंवा नर्सिंगसारखं काही शिकून नोकरीला लागा. आपल्या डिप्लोमावाल्यांना ही वाट ओळखीची वाटेल!

सुरुवात झाली १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राऊन यांची ही कल्पना. पहिल्या बॅचला विद्यार्थी किती? फक्त सहा! १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानं 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केलं. आज अशी कॉलेजं हजाराच्या आसपास आहेत. फीसुद्धा कमी. २०२३-२४ मध्ये वर्षाला सरासरी ४ हजार डॉलर, तर राज्यातल्याच सरकारी चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ११ हजारांच्या वर.

मग अडतं कुठं?

आत येणं सोपं, बाहेर पडणं अवघड. सहा वर्षं उलटली तरी पदवी किंवा सर्टिफिकेट हातात पडणारे निम्म्याहून कमी असतात. पोरं ढ असतात म्हणून? नाही हो. आपल्याच भाषेत सांगतो. तीन मशिन्स सिरीजमध्ये जोडल्या आणि प्रत्येकीची एफिशियन्सी ७० टक्के असली, तर एकूण किती? ०.७ चा घन, म्हणजे ३४ टक्के. कित्येक कॉलेजांत गणिताची हीच तऱ्हा होती. प्रवेशाच्या चाचणीत कमी मार्क पडले की क्रेडिट न देणारे दोन-तीन पायाभूत कोर्स आधी करायचे, मगच खरं गणित. समजा, प्रत्येक पायरीवर पास होऊन पुढच्या टर्मला परत येणारे ७० टक्के धरले, तरी तिसऱ्या पायरीनंतर शंभरातले ३४ उरतात. मास्तर चांगला होता, पोरं अभ्यास करत होती, दोष होता तो रचनेत. कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये कायदा करून चाचणीऐवजी मुख्यतः हायस्कूलचे मार्क बघायला लावले ते यासाठीच.

आता रचना बदलायची कुणी? वर्गातल्या मास्तरला तो अधिकार नाही. तो असतो डीनला, व्हाइस प्रेसिडेंटला, प्रेसिडेंटला. त्यांना हा विचार शिकवण्यासाठी ही डॉक्टरेट.

यात शिकवतात काय?

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन कॅम्पसवर असा कार्यक्रम १९४४ मध्ये सुरू झाला. १९६० मध्ये केलॉग फाउंडेशननं काही विद्यापीठांना यासाठी पैसा दिला. २००५ मध्ये तिथल्या कम्युनिटी कॉलेजांच्या संघटनेनं नेत्याच्या अंगी काय हवं याची सहा कलमी यादी केली. संस्थेचं धोरण, साधनसंपत्ती, संवाद, सहकार्य, कम्युनिटी कॉलेजची बाजू मांडणं आणि व्यावसायिक शिस्त. पुढे २०१३ आणि २०१८ मध्ये ती सुधारली.

डिग्रीचं नाव बहुधा एड. डी., डॉक्टर ऑफ एज्युकेशन. साधारण तीन वर्षं, एकच बॅच शेवटपर्यंत एकत्र. क्लास संध्याकाळी, वीकेंडला किंवा ऑनलाइन. विषय बजेट, कायदा, डेटा, उच्च शिक्षणाचा इतिहास. आणि शेवटी प्रबंध. पीएच. डी.त तुम्ही ज्ञानात भर घालता. इथं बहुतेक वेळा आपल्याच संस्थेतला एक खरा प्रश्न घेऊन पुराव्यानिशी सोडवायला बघता.

एक उदाहरण देतो, म्हणजे कळेल. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये 'असॅप' नावाची योजना सुरू केली. पूर्ण वेळ शिकायचं ही अट, आणि बदल्यात फीतली उरलेली रक्कम माफ, पुस्तकं, मेट्रोचा पास आणि स्वतःचा सल्लागार. एरवी एका सल्लागाराकडे ६०० ते १५०० मुलं, इथं ६० ते ८०. विद्यार्थी लॉटरीनं निवडून तुलना केली. तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेत ४० टक्के, बाहेर २२. खर्च माणशी ६० टक्क्यांहून जास्त, पण एका पदवीमागचा खर्च उलट कमी! बजेटच्या मीटिंगमध्ये "परवडत नाही" म्हणणाऱ्यासमोर हा हिशेब मांडता येणं, याचं नाव लीडरशिप.

खरी डॉक्टरेट की नुसती शेपटी?

हा वाद तिकडेही आहे. जिल बायडेन यांची २००७ ची एड. डी. डेलावेअर विद्यापीठाची. विषय हाच, कम्युनिटी कॉलेजातले विद्यार्थी टिकतात कसे. डिसेंबर २०२० मध्ये एका लेखकानं त्यांनी नावामागचं 'डॉक्टर' काढावं असं वर्तमानपत्रात लिहिलं आणि मोठा गदारोळ झाला. त्या पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी असतानाही व्हर्जिनियातल्या कम्युनिटी कॉलेजात शिकवत राहिल्या. माझं मत विचाराल तर प्रबंध कच्चा असेल तर पीएच. डी.ही शेपटीच, आणि पक्का असेल तर एड. डी.ही डॉक्टरेट.

यायचं असेल तर

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. हा कोर्स इथून थेट अर्ज करून जाण्याचा नव्हे. मास्टर्स लागतेच, शिवाय आधी शिकवण्याचा किंवा कॉलेज चालवण्याचा अनुभव हवा. बरेच कोर्स पार्ट टाइम किंवा ऑनलाइन असल्यानं स्टुडंट व्हिसाच्या नियमात बसत नाहीत, आणि असिस्टंटशिप क्वचितच. त्यामुळे फी स्वतःची, नाहीतर नोकरी देणारं कॉलेज थोडी उचलतं. आधी विषयात एम. एस. करा, शिकवा, आणि मग ठरवा.

आणि यायचं नसेल तरी एक काम करा. तुमच्या फर्स्ट इयरच्या विंगमध्ये कितीजण होते आणि आज फायनलला कितीजण आहेत, ते मोजा. मधले कुठं गळाले? एम-थ्रीच्या के. टी.त, मेसच्या थकलेल्या बिलात, की वाय. डी. लागल्यावर घरी गेला तो परत आलाच नाही? "त्यानं अभ्यास केला नाही" हे उत्तर सोपं आहे. त्याच्या पुढचा प्रश्न विचारायला लागलात, की या विषयाचं पहिलं सेमिस्टर तुम्ही हॉस्टेलवर बसूनच पूर्ण केलंत म्हणा!