रात्र मुंबईत, सकाळ घारापुरीत

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला की आपल्या खोऱ्यात बायकांना चार दिवस जरा उसंत मिळते. बचत गटांच्या सहली ठरतात त्या याच दिवसांत. ‘मुंबई बघू, लाँचनं घारापुरीला जाऊ’ असं पुष्कळ जणी म्हणतात. आणि लगेच पुढचं वाक्य येतं, ‘पण रात्री घरी यायला हवं.’ आज आम्ही या ‘पण’बद्दलच बोलणार आहोत. आमचं म्हणणं असं, की घारापुरी नीट पाहायची असेल तर एक रात्र मुंबईत राहावं.

हिशेब करून पाहू. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातच्या सुमाराला सुटते. ती गाठायची म्हणजे कोळवणहून अंधारातच निघायचं. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचेपर्यंत साडेदहा होतात. तिथून गेटवे, मग तिकिटाची रांग, मग लाँचमध्ये एक तास. बेटावर पाय ठेवेपर्यंत दुपारचा एक वाजतो. परतीची डेक्कन क्वीन संध्याकाळी पाचच्या सुमाराला. म्हणजे अख्खा दिवस धावून लेण्यांसाठी उरतो जेमतेम एक तास, तोही भर उन्हात. बरं, बेटावर मुक्काम करावा म्हटलं, तर पर्यटकांनी शेवटच्या लाँचनं परत यायचं असतं. मग सोपी वाट एकच. आदल्या दिवशी आरामात मुंबई गाठायची, रात्री तिथं राहायचं आणि सकाळी नऊच्या सुमाराची पहिली लाँच धरायची.

राहायचं कुठं? मुंबईकर ज्याला ‘टाऊन’ म्हणतात त्या फोर्ट-कुलाबा भागात. स्टेशन आणि गेटवे यांच्या मधलाच हा भाग. स्टेशनपासून गेटवे अडीच-तीन किलोमीटर, बेस्टची बस मिळते, टॅक्सी मीटरवर जाते. इथं साध्या लॉजपासून मोठ्या हॉटेलांपर्यंत सगळं आहे. मादाम कामा रस्त्यावर वायडब्ल्यूसीएचं अतिथिगृहही आहे. आधी फोन करून चार गोष्टी विचाराव्यात: एका खोलीत किती जणी राहू शकतो, संडास-बाथरूम खोलीतच आहे का, दाराला आतून कडी आहे का, आणि रात्री मुख्य दार किती वाजता बंद होतं. प्रत्येकीनं मूळ आधारकार्ड जवळ ठेवावं. अडचण आली तर ११२ हा नंबर कुठल्याही फोनवरून लागतो. दिवस निवडताना एक लक्षात ठेवा, लेणी सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवारी गर्दी फार. मंगळवार ते शुक्रवार उत्तम.

आता थोडी गंमत सांगतो. आपण बेट बघायला जातो म्हणतो, पण ज्या फोर्टात झोपतो तेही बेटच होतं. मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा आणि धाकटा कुलाबा अशी ही सात बेटं. मधल्या खाड्या भरून, बांध घालून ती जोडली. कुलाब्याला जोडणारा रस्ता १८३८ सालचा. माहीम आणि वांद्र्याच्या मधला बांध १८४५ सालचा, आणि त्यामागं एक बाई आहे. सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी त्यासाठी १,५७,००० रुपये दिले, आणि लोकांकडून टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. आजही तिथून हजारो गाड्या रोज जातात.

सकाळी गेटवेला गेलात की जाण्या-येण्याचं एकच तिकीट मिळतं, ते परत येईपर्यंत जपून ठेवा. वरच्या मजल्यावर बसायला थोडे पैसे जादा पडतात. रिकाम्या पोटी बसू नका आणि फार खाऊनही बसू नका. मळमळलं तर लांबवर नजर ठेवावी, आवळासुपारी चघळावी. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद राहतात, म्हणून दिवाळी ते होळी हाच चांगला काळ.

यापुढचं मात्र नीट ऐका. १८ डिसेंबर २०२४ ला दुपारी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या लाँचवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. लाँचवर शंभराहून जास्त माणसं होती. १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचं केलं गेलं. आम्ही हे घाबरवायला सांगत नाही. एवढं ऐकून कोणी घरीच बसू नये, पण जाताना डोळे उघडे ठेवून जावं. लाँचमध्ये बसल्याबरोबर जॅकेट मागा, पट्टे बांधूनच घ्या, उशाला किंवा बुडाखाली ठेवू नका. साडीवरही ते नीट बसतं. मुलांना मुलांच्या मापाचं मागा. गर्दी जास्त वाटली तर उतरा आणि पुढच्या लाँचनं जा. अर्ध्या तासानं काही बिघडत नाही. आणि खरं सांगायचं तर हे ‘उतरा’ म्हणणं तिलाच जमतं, जिला संध्याकाळची गाडी गाठायची घाई नसते. रात्रभर राहण्याचा आणखी एक फायदा तो हाच.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, चालतही जाता येतं. पुढं सुमारे १२० पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवा. हातात खाऊची पिशवी दिसली की माकडं ओढतात, तेव्हा ती पदराआड घ्या.

लेणी साधारण चौदाशे वर्षांपूर्वीची, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत. मोठ्या लेण्यात समोरच तीन मुखांचा, सुमारे वीस फुटी सदाशिव आहे. आपल्या डाव्या हाताचं मुख उग्र, उजव्या हाताचं कोमल, हाती कमळ, बाईचं वाटावं असं. शेजारी अर्धनारीश्वर आहे, अर्धा देह शिवाचा, अर्धा पार्वतीचा. शिवपार्वतीच्या लग्नाचा देखावाही शोधा. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं, तो आता भायखळ्याला राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. परतीच्या दिवशी तोही पाहता येतो.

लेणी बघून झाल्यावर लगेच खाली पळू नका. घारापुरी हे एक गाव आहे. रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या त्याच्या तीन वस्त्या. पायऱ्यांच्या कडेला काकडी, कैरी, सरबत विकणाऱ्या बायका इथल्याच. त्यांच्याशी बोला. कारण त्यांची आणि आपली एक गाठ आहे.

आपल्या तालुक्यात मुळशीचं धरण झालं ते मुंबईला वीज देण्यासाठी. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकारानं सत्याग्रह झाला, तरी गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. ते पाणी खाली कोकणात भिऱ्याला सोडून वीज तयार होते आणि मुंबईला जाते. त्या झगमगाटासमोर, गेटवेपासून दहा-अकरा किलोमीटरवर, घारापुरीतल्या बायका संध्याकाळी जनरेटर चालेल तेवढे तास उजेडात आणि बाकीची रात्र अंधारात काढत होत्या. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून महावितरणनं तिथं वीज नेली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. शहरासाठी आपण जमीन दिली आणि त्यांनी शहराचे दिवे नुसते लांबून पाहिले. मुंबईला जाताना आपण कोणाच्या दारी पाहुणे म्हणून जातोय, असं वाटून घ्यायचं कारण नाही. त्या शहरात आपलाही वाटा आहे.

तेव्हा गटात बसून ठरवा. महिन्याला थोडे थोडे बाजूला काढा. घरी सांगताना ‘जाऊ का?’ असं विचारू नका, ‘अमुक तारखेला जातोय, दुसऱ्या दिवशी रात्री येऊ’ असं सांगा. एका रात्रीचा स्वयंपाक घरातलं कोणीही करू शकतं. बुधवारी सकाळच्या पहिल्या लाँचचं तिकीट आणि जॅकेटचे बांधलेले पट्टे, एवढं विसरू नका.