जावामधील अपवाद-हाताळणी : ‘फायनली’ खंडाची उपयुक्तता व मर्यादा

प्रस्तावना :
प्रोग्राम व्याकरणदृष्ट्या निर्दोष असला तरी तो चालू असताना फाइल न सापडणे, पूर्णांकाला शून्याने भागणे यांसारख्या घटना उद्भवू शकतात. जावामध्ये त्यांना ‘एक्सेप्शन’ अर्थात अपवाद म्हणतात. धोक्याचा भाग ‘ट्राय’ खंडात, उपाययोजना ‘कॅच’ खंडात आणि आवराआवर ‘फायनली’ खंडात लिहावी, असा संकेत आहे. अपवाद येवो वा न येवो, ‘फायनली’ खंड चालतोच, एवढेच बहुधा वर्गात सांगितले जाते. ते पुरेसे नाही, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

मूळ अपवाद हरवणे :
विद्यार्थ्यांच्या गुणांची फाइल वाचताना ‘ट्राय’ खंडात वाचनदोष निर्माण झाला, असे समजू. नियंत्रण ‘फायनली’ खंडाकडे जाते. तेथे फाइल बंद करतानाही दुसरा अपवाद उद्भवल्यास बाहेर केवळ दुसराच पोहोचतो. पहिला नाहीसा होतो. दोष वाचनात असताना शोध मात्र फाइल बंद करण्याच्या ओळीपाशी सुरू होतो. ‘फायनली’ खंडात ‘रिटर्न’ विधान लिहिल्यास स्थिती अधिक गंभीर होते. मूळ अपवाद पूर्णपणे गिळला जातो व पद्धत यशस्वी झाल्याचा आभास निर्माण होतो. कंपायलर असा प्रोग्राम चूक म्हणून नाकारत नाही. परिणामी अपूर्ण वाचलेले गुण पूर्ण मानले जाण्याचा धोका संभवतो.

जावा ७ मधील उपाय :
२०११ साली प्रसिद्ध झालेल्या जावा ७ मध्ये ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ ही रचना आली. ‘ट्राय’ शब्दापुढील कंसात फाइल उघडल्यास ती आपोआप बंद होते. त्यासाठी संबंधित वर्गाने ‘ऑटोक्लोजेबल’ हा इंटरफेस स्वीकारलेला असावा लागतो. अनेक साधने उघडली असल्यास ती उलट क्रमाने बंद होतात. महत्त्वाचे म्हणजे, मूळ अपवादच बाहेर येतो आणि बंद करतानाचा अपवाद ‘सप्रेस्ड’ म्हणून त्यालाच जोडला जातो. ‘गेटसप्रेस्ड’ या पद्धतीने तो पाहता येतो.

निष्कर्ष :
‘फायनली’ खंडात केवळ आवराआवर असावी. ‘रिटर्न’ विधान नसावे. फाइल वा डेटाबेस जोडणीसाठी नवी रचना वापरावी. प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांकडून दोन्ही ठिकाणी मुद्दाम अपवाद निर्माण करवून फलित तपासून घ्यावे. अपवाद ही दोषाची साक्ष असते. आवराआवर करताना ती साक्षच पुसली जाऊ नये, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.