अलेक्झांड्रिया आणि उमरावती

भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील अलेक्झांड्रिया हे शहर पाहावयास जाणारा प्रवासी सामान्यतः शिकंदर, क्लिओपात्रा आणि प्राचीन ग्रंथालय ही तीन नावे मनात घेऊन जातो. अमरावती किंवा अकोल्याहून जाणाऱ्याने त्यांत कापूस हे चौथे नाव घालावयास हरकत नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात अलेक्झांड्रियाहून आलेली रुई ‘इजिप्शियन’ म्हणून विकली जाई आणि वऱ्हाडची रुई ‘उमरा’ म्हणून. ‘उमरा’ हे उमरावतीचे, म्हणजे आजच्या अमरावतीचे, व्यापाऱ्यांनी आखूड केलेले रूप होय. या दोन गावांचा परस्परांशी परिचय नव्हता; परंतु त्यांचे दैव एकाच तराजूत तोलले जात होते.

प्रथम जुने शहर पाहावे. इ. स. पूर्व ३३१ मध्ये शिकंदराने ते वसविले, तेव्हा समोर फारोस नावाचे बेट होते. पुढे बेट व किनारा यांच्यामध्ये बांध घातला गेला आणि एका बंदराची दोन बंदरे झाली. शतकानुशतके वाळू साचून तो बांध रुंदावत गेला. आज त्याच्यावर दाट वस्ती आहे. प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी एक असा शंभर मीटरांच्या आसपास उंचीचा दीपस्तंभ याच बेटावर होता. भूकंपांनी तो ढासळला आणि त्याच्या जागी सुलतान काइतबे याने १४७७ मध्ये किल्ल्याचे काम काढले. हा किल्ला समुद्राच्या लाटा झेलीत अजून उभा आहे. गावात ‘पाँपीचा स्तंभ’ म्हणून जो ग्रॅनाइटचा प्रचंड खांब दाखवितात, त्याचा पाँपीशी काही संबंध नाही. तो रोमन सम्राट डायोक्लीशियन याच्या सन्मानार्थ उभारलेला आहे. प्राचीन ग्रंथालयाचे मात्र काहीच उरलेले नाही. त्याच्या स्मरणार्थ समुद्रकाठी बांधलेले नवे ग्रंथालय २००२ मध्ये उघडण्यात आले.

हे वैभव इतके लयास गेले होते की, १७९८ मध्ये नेपोलियन येथे उतरला तेव्हा वस्ती अवघी काही हजारांची उरली होती. मग शहर पुन्हा उभे राहिले ते कशाच्या बळावर? इजिप्तचा अधिपती महंमद अली याने १८२० च्या सुमारास नाईलपासून बंदरापर्यंत महमुदिया कालवा खोदविला आणि त्याच सुमारास जुमेल नावाच्या फ्रेंच गृहस्थाच्या साह्याने लांब धाग्याच्या कापसाची लागवड सुरू केली. १८५६ मध्ये कैरोपर्यंत आगगाडीही झाली. कापूस पिकविण्याची जमीन, तो वाहून नेण्याची वाट आणि तो चढविण्याचे बंदर या तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या. उणीव होती ती गिऱ्हाइकाच्या निकडीची.

ती निकड १८६१ मध्ये अमेरिकेतील यादवी युद्धाने निर्माण केली. लँकेशायरच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसापैकी बहुतांश माल अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने त्या बंदरांची नाकेबंदी करताच गिरण्या थंडावल्या आणि खरेदीदारांची दृष्टी नाईलकाठाकडे व वऱ्हाडकडे एकाच वेळी वळली. दोन्हीकडे भाव चढले, दोन्हीकडे पेरा वाढला.

मात्र दोन्ही कापूस सारखे नव्हते. वऱ्हाडचा देशी कापूस आखूड व जाडाभरडा. त्याचे सूत जाडच निघावयाचे. इजिप्तच्या कापसाचा तंतू लांब व चिवट, म्हणून त्यापासून तलम सूत काढता येई आणि भावही अधिक मिळे. भेद केवळ बियाण्याचा नव्हता, पाण्याचाही होता. पयनघाटातील काळी जमीन मृगाच्या पावसावर पेरली जाई; पाऊस चुकला की पीक चुकले. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. नाईलला पाणी उतरलेले असे त्या उन्हाळ्यातच कापूस भिजवावा लागे. त्याकरिता खोल कालवे खणावे लागले, आणि ते फेल्लाह, म्हणजे तेथील शेतकरी, यांच्याकडून वेठीने खणविले गेले. वऱ्हाडी कुणब्याचा घोर आभाळाकडे लागलेला, तर फेल्लाहाचा सरकारी शिपायाकडे.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईत सट्टा करणाऱ्यांच्या पेढ्या बुडाल्या. तेजीच्या भरवशावर इजिप्तच्या खेदिवाने युरोपच्या सावकारांकडून कर्जे काढली होती, ती फिटेनात. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे भाग इंग्रज सरकारास विकावे लागले, १८७६ मध्ये कर्जफेड थांबली आणि ११ जुलै १८८२ रोजी इंग्रज आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. त्यानंतर देशावर इंग्रजांचा ताबा बसला.

वऱ्हाड तर १८५३ पासूनच इंग्रजांच्या कारभाराखाली होता. येथे कर्ज सरकारच्या नव्हे, शेतकऱ्याच्या डोक्यावर बसले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेली, १८७० मध्ये खामगावचा फाटा लॉर्ड मेयो याच्या हस्ते उघडला. रुईच्या गाठी मुंबईस लवकर पोहोचू लागल्या. पण कापसाने ज्वारीचे रान व्यापत नेले. रोख पैका आला तो सारावसुलीत व व्याजात गेला, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात घरच्या कणगीत धान्य नसण्याचा अर्थ लोकांस कळून चुकला.

म्हणून वऱ्हाडी प्रवाशाने किल्ला व स्तंभ पाहून झाल्यावर महमुदिया कालव्याच्या बाजूस मिनेत-अल-बसल या भागातही जावे. कापसाची वखार आणि बाजार येथेच भरे. तेथून मनशिया चौकात यावे; २६ जुलै १९५६ रोजी नासर यांनी सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केल्याची घोषणा याच चौकात केली. कर्जापायी हातचा गेलेला कालवा कापसाच्याच गावात परत मागितला गेला, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पीक उत्तम असणे एक, आणि त्याचा भाव ठरविण्याची सत्ता पिकविणाऱ्याच्या हाती असणे दुसरे. पहिली गोष्ट नाईलकाठी आणि पूर्णाकाठी दोन्हीकडे होती; दुसरी दोन्हीकडे नव्हती.