पेशीत दारं कोण धरतं

युरियाचं 45 किलोचं पोतं गोदामात वर्षभर पडून राहिलं तरी त्याचं फारसं काही बिघडत नाही. ओल धरली तर खडे होतात, ते फोडून वापरता येतात. तोच युरिया काळ्या रानात ओलीवर फोकला आणि मातीआड करायचा राहिला, तर आठवड्याच्या आत त्यातल्या नत्राचा मोठा वाटा अमोनिया होऊन उडून जातो. चुनखडीच्या, चढ्या सामूच्या जमिनीत तर जास्तच. एसटी स्टँडवरच्या मुतारीचा नाकात जाणारा वास याच कुळातला. ताज्या लघवीला अमोनियाचा वास नसतो. फरशीवर साचलेल्या लघवीतला युरिया जिवाणू फोडतात तेव्हा तो सुटतो. आता या दोन गोष्टींशेजारी तिसरी ठेवून पाहा. स्वच्छ पाण्यात युरिया विरघळवून 25 अंश सेल्सिअसला ठेवला, तर त्यातला निम्मा आपोआप फुटायला सुमारे 40 वर्षं लागतात. पदार्थ तोच, पाणी तेच, शेवटी हाती येणारे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडही तेच. मग चाळीस वर्षांचे चार दिवस होतात कशामुळे? मातीतल्या आणि मुतारीतल्या जिवाणूंकडे ‘युरियेज’ नावाचं एक प्रथिन असतं, त्यामुळे. अशा कामकरी प्रथिनांना शाळेच्या पुस्तकात ‘विकर’ म्हणतात आणि डॉक्टर, केमिस्ट, जाहिरातवाले ‘एन्झाइम’. पेशीतलं रसायनशास्त्र हे काही निराळं, जादूचं रसायनशास्त्र आहे असं अनेकांना वाटतं. ते निराळं नाही. पेशीची सगळी करामत वेळापत्रकात आहे: काय आत्ता व्हायचं, काय नंतर, आणि काय होऊच द्यायचं नाही. हे वेळापत्रक विकरं सांभाळतात, आणि युरिया या एकाच साध्या रेणूचा माग काढत गेलं तरी ते दिसतं.

पाटाचं पाणी रात्री रानाला देताना दारं धरणारा माणूस काय करतो ते आठवा. पाणी उताराला लागलेलंच असतं. ते तो निर्माण करत नाही, की चढावरही नेत नाही. एका वाफ्याचं तोंड फोडायचं, दुसऱ्याचं मातीनं बंद करायचं, एवढंच त्याच्या खोऱ्याचं काम. पण कुठली सरी भिजणार आणि कुठली कोरडी राहणार हे त्या कामावरच ठरतं. युरियाचं पाण्याशी मिळून फुटणं हाही उतारच आहे, फक्त मध्ये एक उंच बांध आहे. युरियाच्या रेणूत मधल्या कार्बनला दोन्ही बाजूंचे नायट्रोजन आपले इलेक्ट्रॉन उसने देत राहतात, त्यामुळे पाण्याच्या रेणूला तिथे शिरकाव करणं फार जड जातं. युरियेज नेमकी तिथेच फट पाडतं. त्याच्या एका खोबणीत निकेल या धातूचे दोन अणू शेजारी शेजारी बसवलेले असतात. युरियाचा रेणू खोबणीत येतो, वरून प्रथिनाचाच एक पदर झाकणासारखा बंद होतो, निकेलचे अणू रेणूला योग्य अंगानं धरून ठेवतात आणि पाण्याचा अंश त्या कार्बनवर सहज चढाई करतो. एक अमोनिया सुटतो. उरलेला तुकडा इतका कच्चा असतो की तो विकराच्या मदतीशिवाय, आपला आपण मोडतो. पदर उघडतो, पुढचा रेणू आत येतो. एका खोबणीत सेकंदाला असे हजारो रेणू फुटतात आणि विकर होतं तसं शिल्लक राहतं.

हे काम करणारी वस्तू प्रथिनच आहे, हे शास्त्रज्ञांनी सहजासहजी मानलं नव्हतं. 1897 मध्ये जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याचा रस पिळून काढला. तो टिकावा म्हणून, आपण मुरांब्याला साखर घालतो त्याच हेतूनं, त्यात साखर घातली. तर रसाला बुडबुडे येऊ लागले. एकही जिवंत पेशी नसताना साखरेची दारू होत होती. म्हणजे आंबवण्याला सबंध जीव लागत नाही, त्याच्यातली कुठली तरी वस्तू पुरते. ती वस्तू कोणती, यावर पुढची तीसेक वर्षं वाद झाला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर 1917 पासून एका शेंगेच्या मागे लागले होते. आपल्या कोकणात परसात वाढणारी अबई असते, तिच्याच जातकुळीतला हा जॅक बीन. त्याच्या दाण्यात युरियेज भरपूर असतं. किशोरवयात शिकारीतल्या अपघातात डावा हात गेलेला हा माणूस नऊ वर्षं त्या दाण्यांचं पीठ निरनिराळ्या द्रावणांत कालवत राहिला. 1926 मध्ये पाण्यात ॲसिटोन मिसळून केलेला अर्क गाळून त्यानं रात्रभर गारठ्यात ठेवला. सकाळी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आठ पैलूंचे इवले स्फटिक दिसले. ते पाण्यात विरघळवले तर युरिया झपाट्यानं फोडत होते, आणि प्रथिनाच्या सगळ्या कसोट्यांना उतरत होते.

यावरचा आक्षेप वजनदार होता आणि घेणाराही नोबेल मिळालेला: जर्मनीचे रिशार्ड विलश्टेटर. त्यांनी काही विकरं इतकी शुद्ध केली होती की द्रावणात प्रथिन सापडतच नव्हतं, पण विकराचं काम चालू होतं. तेव्हा प्रथिन हे नुसतं ओझं वाहणारं गाढव आहे, खरा माल दुसराच, असं त्यांचं म्हणणं. तर्क चुकीचा नव्हता. चूक होती ती मापात. विकर इतकं तिखट असतं की त्या काळच्या रासायनिक चाचण्यांना प्रथिनाचा पत्ता लागू नये एवढी अल्प मात्राही दिसण्याजोगं काम करून जाते. 1930 मध्ये जॉन नॉर्थ्रप यांनी जठरातल्या पेप्सिनचे स्फटिक केले, तेही प्रथिनच निघालं, आणि वाद मावळला. 1946 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये समनर आणि नॉर्थ्रप दोघांचाही वाटा होता.

पण प्रथिन म्हटलं की आपल्यासमोर डाळ, अंडं नाही तर पावडरचा डबा येतो. खाण्यातली प्रथिनं आणि निकेलची खोबणी यांचं नातं काय? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी वीसच जातींचे, माळेची लांबी मात्र वाटेल तेवढी. जॅक बीनच्या युरियेजमध्ये 840 मण्यांच्या सहा माळा एकत्र गुंतलेल्या असतात. माळ सरळ राहत नाही. काही मणी पाण्याला बुजून आत दडतात, काही पाण्याकडे तोंड करतात, काहींवर धन-ऋण भार असतो, आणि या ओढाताणीत माळेची एक ठरावीक घडी पडते. माळेवर एकमेकांपासून शेकडो मण्यांच्या अंतरावर असलेले मणी घडीत शेजारी येतात. खोबणी अशी बनते. घडी मोडली की खोबणी गेली आणि काम गेलं, मणी सगळे जागच्या जागी असले तरीही. गाय-म्हैस व्यायल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध नुसतं उकडलं तरी त्याचा खरवस होतो, याचं कारण हेच: त्या चिकात प्रथिनं भरमसाट असतात, उष्णतेनं त्यांच्या घड्या उलगडतात आणि उलगडलेल्या माळा एकमेकींत गुंतून बसतात.

घडी कशी घालायची ही सूचना कुठे लिहिलेली असते, याचं उत्तर युरियानंच मिळवून दिलं, हा योगायोग मोठा गमतीचा. दाट युरियाच्या द्रावणात प्रथिनांच्या घड्या सैल होतात. अमेरिकेतल्या क्रिस्टियन ॲनफिनसेन यांनी रायबोन्यूक्लिएज हे 124 मण्यांचं विकर अशा द्रावणात टाकून, त्यातले चार गंधकी टाके उसवून, पार मोकळं केलं. काम थांबलं. मग युरिया काढून टाकला आणि हवा लागू दिली, तर माळेनं स्वतःच मूळची घडी घातली, टाके बरोबर जागी पडले आणि काम पुन्हा सुरू झालं. म्हणजे घडीची सूचना मण्यांच्या क्रमातच असते. या कामाला 1972 चं नोबेल मिळालं. (मालवणी घरात मोरीचं कालवण होतं, त्या मोरीच्या, म्हणजे शार्कच्या अंगात युरिया भरपूर असतो. तिच्या प्रथिनांच्या घड्या त्यानं विस्कटू नयेत म्हणून ती दुसरं एक रसायन सोबत बाळगते. बाजारातून आणलेली मोरी जरा शिळी झाली की अमोनियाचा वास मारते, तो जिवाणूंच्या युरियेजचा प्रताप.)

इथे एखादा विचारील की वेगच हवा असेल तर एवढ्या नक्षीकामाची गरज काय. उष्णता द्या, प्रत्येक क्रिया वेगानं होते. खरं आहे, पण उष्णता सगळ्यांनाच एकदम हाकते. पेशीत एकाच वेळी हजारो क्रिया शक्य असतात आणि त्यातल्या कितीतरी घातक असतात. सगळे बांध एकदम फुटले तर ते ओलीत नव्हे, पूर आहे. शिवाय उष्णतेनं घडीच मोडते. सोयाबीनच्या पेंडीच्या कारखान्यात हे रोज तपासतात. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनात अडथळा आणणारी प्रथिनं असतात, ती भाजून-वाफवून निकामी करावी लागतात. ती निकामी झाली की नाही हे सरळ मोजणं किचकट, म्हणून पेंड युरियाच्या द्रावणात टाकून सामू किती चढतो ते बघतात. सोयाबीनमध्ये युरियेजही असतं. अमोनिया सुटून सामू चढला तर युरियेज जिवंत आहे, म्हणजे पेंड कच्ची. चढला नाही तर उष्णतेनं दोघांच्याही घड्या मोडल्या.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. विकर फक्त उताराचंच पाणी वळवत असेल, तर शरीरात चढावरची कामं होतातच कशी? आपलं यकृत दिवसाला 20 ते 30 ग्रॅम युरिया बनवतं, फोडत नाही. 1932 मध्ये हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी त्याची वाट शोधली. ती उलटी, चढाची वाट आहे. तिथेही विकर चढ मोडत नाही. ते चढाचं काम एका मोठ्या उताराला जुंपतं. पेशीतला एटीपी हा रेणू मोडताना ऊर्जा सुटते, आणि युरियाच्या एका रेणूमागे एटीपीचे तीन रेणू खर्ची पडतात. हिशेबाची बेरीज उताराचीच राहते. एटीपी पुन्हा भरायला अन्न जाळावं लागतं, म्हणून तर जेवायचं. विकराचा वाटा जुंपण्याचा, बैल दुसराच.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा दुरुस्ती आहे. समनर यांचा विजय इतका पक्का झाला की ‘विकर म्हणजे प्रथिन’ हे सूत्रच बनलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी आरएनएचे रेणूही अशी कामं करतात हे दाखवलं आणि 1989 चं नोबेल मिळवलं. पुढे कळलं की अमिनो आम्लांची माळ ओवणाऱ्या रायबोसोममध्ये प्रत्यक्ष गाठ मारणारी खोबणीही आरएनएचीच आहे. प्रथिनं बनवण्याचं मुख्य काम प्रथिन करत नाही! यानं मूळ मुद्दा मात्र ढळत नाही. आरएनए काय, प्रथिन काय, काम होतं ते घडीमुळे, आणि होतं ते वेळ ठरवण्याचंच.

वेळ ठरवण्यातला मोठा भाग नकाराचा असतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. अमोनिया विषारी. प्रथिनं मोडताना तो तयार होणारच, म्हणून यकृत त्याचा युरिया करतं आणि रक्तात सोडतं. हा युरिया मूत्रपिंडापर्यंत सुखरूप जातो, कारण माणसाच्या एकाही पेशीत युरियेज नाही. चाळीस वर्षांचा बांध शाबूत असतो. आतड्यातले जिवाणू त्यातला थोडा फोडतात, तेवढा अमोनिया यकृत पुन्हा आवरतं. गाई-म्हशींची गोष्ट वेगळी. त्यांच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात युरियेजवाले जिवाणू दाटीनं असतात. जनावरानं पोतं फाडून युरिया खाल्ला किंवा त्याचं पाणी प्यायलं, की अमोनियाचा लोंढा सुटतो. पोट फुगतं, अंगाला थरथर सुटते, आणि तासा-दोन तासांतही जनावर दगावतं. पशुवैद्य अशा वेळी थंडगार पाणी आणि पातळ व्हिनेगर पोटभर पाजतात. थंडीनं विकर मंदावतं, आम्लामुळे अमोनियाचं रूप बदलून तो पोटाच्या भिंतीतून रक्तात कमी उतरतो. दारं बंद करण्याचाच तो प्रयत्न.

माणसाच्या जठरात मात्र कधी कधी एक उपरा दारं धरायला बसलेला असतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू जठराच्या आम्लात टिकतो तो भरपूर युरियेज बाळगून: आजूबाजूचा युरिया फोडायचा आणि अमोनियाच्या कवचात राहायचं. पोटातल्या अल्सरशी त्याचा संबंध दाखवल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं. त्याला हुडकण्याची एक चाचणी अशी: वेगळ्या जातीचा, ओळखता येणारा कार्बन घातलेला युरिया प्यायला देतात आणि थोड्या वेळानं श्वास तपासतात. त्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड श्वासात आला, तर जठरात युरिया फोडणारं कोणीतरी आहे. आपल्या पेशींना ते जमत नसल्यामुळेच निदान करता येतं. आणि रक्ताच्या रिपोर्टवर ‘ब्लड युरिया’समोर जो आकडा छापून येतो, तोही बहुतेक लॅबमध्ये असाच मोजलेला असतो: नळीतल्या रक्तद्रवात युरियेज घालायचं, बहुधा त्याच जॅक बीनच्या दाण्यातून काढलेलं, आणि काही मिनिटांत किती अमोनिया सुटला ते बघायचं.