दम धरू नका! स्कूबा प्रशिक्षकाविषयीचे सहा गैरसमज

एडवण, दातिवरे, केळवे अशा किनाऱ्यावरच्या गावांतली पोरं मालवणची सहल करून येतात ती स्कूबाचा व्हिडिओ आणि एक बेत घेऊन: हा धंदा आपल्यालाही जमेल. जमेलही, पण आधी काही समज तपासून घ्यावेत.

गैरसमज : समुद्रावर वाढलेल्याला वेगळं काय शिकायचं?
वस्तुस्थिती : पोहण्याची अट सोपीच आहे. ‘पॅडी’ या जगभर चालणाऱ्या संस्थेच्या पहिल्या कोर्सला, म्हणजे ‘ओपन वॉटर डायव्हर’ला, २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं पुरतं. अवघड जातं ते जुनी सवय मोडणं. पंख्यात अडकलेलं जाळं सोडवायला बोटीखाली जाणारा दम धरून बुडी मारतो. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. दम धरून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं.

गैरसमज : पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो.
वस्तुस्थिती : असते ती साधी हवाच, गाळून दाबाने भरलेली. तिच्यात ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन थोड्याच खोलीवर विषारी ठरतो, पाण्याखाली झटके येऊ शकतात.

गैरसमज : एक बुडी झाली, आता महिनाभरात प्रशिक्षक.
वस्तुस्थिती : पर्यटकाची बुडी ही फक्त ओळख, प्रमाणपत्र नव्हे. ‘पॅडी’त ओपन वॉटरनंतर अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि डाइव्हमास्टर अशा पायऱ्या चढाव्या लागतात. त्यानंतर प्रशिक्षकाचा कोर्स. वय किमान १८, प्रमाणित डायव्हर होऊन किमान ६ महिने, परीक्षेआधी नोंदवहीत १०० डाइव्ह आणि डॉक्टरांनी सही केलेला तपासणी अर्ज, एवढं लागतंच.

गैरसमज : उत्तम डायव्हर म्हणजे उत्तम प्रशिक्षक.
वस्तुस्थिती : परीक्षेत तुम्ही किती खोल गेलात हे कुणी विचारत नाही. जिथे शिकलात त्या केंद्राचा नव्हे, तर संस्थेचा परीक्षक येतो आणि तुमचं शिकवणं तपासतो. तुम्ही धडा देता. विद्यार्थी झालेले सोबती मुद्दाम चुका करतात, त्या तुम्ही नजरेने टिपायच्या आणि पाण्यातच सुधारायच्या. बेशुद्ध डायव्हरला श्वास देत ओढून आणून दाखवायचं. वर भौतिकशास्त्र, शरीरशास्त्र, साधनं यांचा लेखी पेपर. ‘मला येतं’पासून ‘मी दुसऱ्याकडून करून घेतो’पर्यंतचं अंतर इथे मोजतात.

गैरसमज : प्रशिक्षकाचं कार्ड असलं की बॉम्बे हायवर नोकरी.
वस्तुस्थिती : तेलविहिरींवरचं काम व्यावसायिक डायव्हरचं. त्यात हवा बहुधा वरून नळीने येते, पाण्याखाली वेल्डिंग आणि तपासणी करावी लागते. त्याचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र दोन्ही वेगळी. स्कूबा प्रशिक्षकाचं क्षेत्र हौशी डायव्हिंगचं. त्याची मर्यादा साधारण ४० मीटर, आणि शिकवत राहायचं तर सदस्यत्व दरवर्षी नवं करावं लागतं.

गैरसमज : मग एडवणच्याच दर्यात शिकू.
वस्तुस्थिती : दक्षिणेला वैतरणेचं मुख आहे. खाडीचा गाळ आणि मोठी भरती-ओहोटी यांमुळे पाणी गढूळ राहतं. विद्यार्थी दिसलाच नाही तर त्याला सांभाळणार कसं? सुरुवातीचे धडे जलतरण तलावात होतात. पुढे तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, म्हणजे ‘एमटीडीसी’चं, स्कूबा केंद्र आहे. गोवा, नेत्राणी, अंदमान हेही पर्याय आहेत. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर हे काम बंदच असतं, म्हणून वर्षाचा हिशेब त्याप्रमाणे मांडावा.

गावातल्या मुलाची खरी जमेची बाजू म्हणजे वारा आणि पाण्याची ओढ ओळखणं. ‘आज पाण्यात उतरायचं नाही’ असं पर्यटकाला ठणकावून सांगणं हे प्रशिक्षकाचं रोजचं काम, आणि त्याची अर्धी शिकवणी घरीच झालेली असते. उरलेल्या अर्ध्यासाठी सफाळे स्टेशनवरून गाडी धरण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन कान, छाती आणि दम्याची तपासणी करून घ्यावी. तिथे अडलं तर पुढचा सगळा खर्च वाचतो.